अवकाश दुर्बिणींची छायाचित्रे : रंग खरे किती, माहिती खरी किती?

स्फोट पावलेल्या ताऱ्यांची आणि दूरच्या दीर्घिकांची रंगीबेरंगी छायाचित्रे आता सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. हे रंग अवकाशात असतात की संगणकावर भरले जातात? अंबरनाथचे शिवमंदिर उभे राहत होते त्या पिढीत आकाशात दिसलेल्या एका ताऱ्याच्या निमित्ताने घेतलेला हा धांडोळा.

अंबरनाथ, प्रतिनिधी

अंबरनाथ पूर्वेला वालधुनीच्या काठी असलेल्या शिवमंदिराच्या उत्तर दारावर शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. शिलाहार राजा छित्तराज याने आरंभलेले हे देवालय त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या कारकिर्दीत पूर्णत्वास गेले, असे मानले जाते. त्या लेखाच्या सहा वर्षे आधी, ४ जुलै १०५४ रोजी, चीनच्या राजज्योतिषांनी वृषभ राशीत एक ‘पाहुणा तारा’ प्रकटल्याची नोंद केली. हा तारा तेवीस दिवस भरदिवसा दिसत होता. रात्रीच्या आकाशात तो एप्रिल १०५६ पर्यंत, म्हणजे जवळपास पावणेदोन वर्षे टिकला.

जुलैत कोकणचे आकाश ढगांनी झाकलेले असते, हे खरे. परंतु पुढचे दोन हिवाळे निरभ्र गेले असतील आणि शिलाहारांच्या राज्यातील माणसांनाही हा पाहुणा डोळ्यांना दिसण्यासारखा होता. मग त्याविषयी आपल्याकडे कोणी काही लिहून ठेवले काय? ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या विदुषी सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय ग्रंथांत अशा नोंदींचा शोध घेतला होता. त्यासंबंधीचा त्यांचा लेख २००१ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चिनी नोंदीइतका निःसंदिग्ध पुरावा मात्र हाती लागला नाही. कोरीव लेखांत राजांची दानपत्रे आणि वंशावळी आहेत. या ताऱ्याची ख्याती मात्र चीन आणि जपानच्या दप्तरांनी टिकवली.

तो तारा नवा नव्हताच. एका भारी ताऱ्याचा तो अंत होता. अशा स्फोटाला मराठीत अतिनवतारा म्हणतात, सुपरनोव्हा हा शब्द आता अधिक रुळला आहे. त्या ठिकाणी आज वायूचा आणि धुळीचा एक पसरता ढग आहे. त्याला क्रॅब नेब्युला, म्हणजे खेकडा तेजोमेघ असे नाव आहे. पृथ्वीपासून तो सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे दूर असल्याने १०५४ मध्ये जे दिसले ते मुळात त्याच्याही साडेसहा हजार वर्षे आधी घडून गेले होते. हबल, चंद्रा, जेम्स वेब या दुर्बिणींनी आणि भारताच्या ॲस्ट्रोसॅटनेही या ढगाकडे डोळे लावले. त्यामुळे अवकाशातील छायाचित्रे कशी वाचावीत हे समजून घेण्यासाठी यापेक्षा सोयीचे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

कॅमेरा कृष्णधवल, चित्र रंगीत

ही छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागली की त्यांच्यामागोमाग एक शंकाही फिरते : ‘हे सगळे संगणकावर रंगवलेले असते.’ ही शंका निम्मी बरोबर आहे. निम्मी बरोबर असल्यामुळेच तिचे निरसन नीट व्हायला हवे.

हबलचा कॅमेरा रंग पाहत नाही. त्याच्या संवेदकावर कोणत्या बिंदूवर किती प्रकाश पडला एवढेच तो मोजतो. संवेदकापुढे एक फिल्टर बसवलेला असतो आणि त्यातून ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत येतो. म्हणजे हाती येते ते कृष्णधवल चित्र. फिल्टर बदलून दुसरे चित्र, पुन्हा बदलून तिसरे. मग प्रत्येक चित्राला एकेक रंग देऊन ती एकमेकांवर बसवली जातात. रंगीत वृत्तपत्र छापताना निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार प्लेटा एकाच कागदावर उतरतात, रीत तीच. छपाईत प्लेट आणि शाई यांची जोडी ठरलेली असते. दुर्बिणीच्या चित्रात मात्र कोणत्या प्लेटेला कोणती शाई लावायची हे शास्त्रज्ञ ठरवतात. शंकेला जागा आहे ती इथे.

खेकडा तेजोमेघाचे हबलने घेतलेले सुप्रसिद्ध चित्र डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९९ ते २००० या काळात टिपलेले २४ तुकडे जोडून ते तयार केले होते. त्यातील धाग्यांमध्ये निळा रंग आहे तो विद्युतभाररहित ऑक्सिजनचा, हिरवा गंधकाचा आणि लाल रंग आहे तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा. आता गंमत अशी की, प्रत्यक्षात यातील पहिला आणि दुसरा प्रकाश तांबडा आहे, तर तिसरा हिरवट. म्हणजे जो हिरवा तो चित्रात लाल झाला आणि जे दोन्ही तांबडे त्यातील एक निळा, एक हिरवा झाला!

याला फसवणूक म्हणायचे का? प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते नाही. मात्र तळटीप वाचल्याखेरीज या चित्राकडे पाहू नये, हेही तितकेच खरे. डोळ्याला जसे दिसेल तसे रंग ठेवले असते तर ऑक्सिजन आणि गंधक हे दोन्ही तांबड्या रंगात मिसळून गेले असते आणि कोणता धागा कशाचा हे कळलेच नसते. रंग बदलले, परंतु कोणता वायू कुठे आणि किती आहे ही माहिती तसूभरही बदलली नाही. भूगोलाच्या नकाशात जिल्हे गुलाबी आणि पिवळे दाखवतात, म्हणून ठाणे जिल्हा गुलाबी आहे असे कोणी मानत नाही आणि नकाशा खोटा आहे असेही म्हणत नाही. हे चित्र त्या नकाशाच्या जातीचे आहे.

मोजमापाच्या कसोटीवर ही चित्रे उतरतात, याचा पुरावा तर रंगीत चित्रांच्या कितीतरी आधीचा आहे. १९२१ मध्ये अमेरिकेतील जॉन डंकन यांनी साडेअकरा वर्षांच्या अंतराने घेतलेली या तेजोमेघाची कृष्णधवल छायाचित्रे ताडून पाहिली. ढगातील गाठी बाहेरच्या दिशेने सरकलेल्या दिसल्या. ढग पसरत होता. पसरण्याचा वेग उलटा मोजत गेले की सुरुवात अकराव्या शतकाच्या आसपास येते. ज्यांचे नाव पुढे दुर्बिणीला दिले गेले त्या एडविन हबल यांनी १९२८ मध्ये या ढगाचा संबंध १०५४ च्या ताऱ्याशी जोडला. आज हा ढग सेकंदाला सुमारे १,५०० किलोमीटर वेगाने पसरतो आहे, म्हणजे मुंबई ते दिल्ली एका सेकंदात!

एका ढगाकडे पाहणारे अनेक डोळे

हबल २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात गेली. तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा घासताना केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी चूक राहिली होती आणि सुरुवातीची चित्रे धूसर आली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन ती चूक सुधारणारी प्रकाशीय व्यवस्था बसवली. आपण जिला हबल म्हणून ओळखतो ती त्यानंतरची.

दुर्बीण अवकाशात कशासाठी न्यायची? वातावरणाच्या थरथरीने चित्र पुसट होते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. क्ष-किरण आणि बहुतांश अतिनील किरण जमिनीवर पोहोचतच नाहीत; वातावरण ते अडवते. आपल्या दृष्टीने ते उपकारकच आहे. परंतु ज्याला फुटलेल्या ताऱ्याचे पोट पाहायचे त्याला वातावरणाच्या वर जाण्यावाचून गत्यंतर नाही.

२३ जुलै १९९९ रोजी सोडलेली ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण याच कामाची. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव तिला दिले आहे. चंद्रशेखर १९३० च्या जुलैअखेर मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला निघाले, तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्या प्रवासात त्यांनी जी आकडेमोड केली तिच्यातून पुढे एक मर्यादा निश्चित झाली. सूर्याच्या सुमारे १.४ पटींपेक्षा अधिक वस्तुमानाचा तारा श्वेतबटू म्हणून शांतपणे निवू शकत नाही, ही ती मर्यादा. खेकडा तेजोमेघाच्या मध्यभागी नेमका असा, श्वेतबटूच्या पलीकडे गेलेला ताऱ्याचा गाभा आहे. तो न्यूट्रॉन तारा सुमारे वीस किलोमीटर रुंद आहे. डोंबिवली ते बदलापूर हे लोहमार्गाचे अंतर जवळपास तेवढेच. तेवढ्या गोळ्यात सूर्याहून अधिक द्रव्य कोंबलेले असून तो सेकंदाला तीस वेळा स्वतःभोवती फिरतो. चंद्राच्या चित्रात या गाभ्याभोवती तेजस्वी कडे आणि दोन्ही बाजूंना निघालेले झोत स्पष्ट दिसतात. हबलच्या चित्रातील धागे तेथे दिसत नाहीत, कारण क्ष-किरण धाग्यांतून नव्हे तर गाभ्याजवळच्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांतून येतात.

जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी निघाली आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर स्थिरावली. अठरा षटकोनी तुकड्यांचा तिचा आरसा साडेसहा मीटरचा आहे आणि ती प्रामुख्याने अवरक्त किरण पाहते. त्या किरणांना आपल्या डोळ्यांच्या लेखी रंगच नाही, तेव्हा वेबच्या चित्रातील रंग ‘खरे’ असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या चित्रात खेकडा तेजोमेघाच्या आतील धूळ आणि दुधाळ धुरासारखी आभा दिसली. ती आभा म्हणजे चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रकाश.

एकाच ढगाची ही तीन चित्रे शेजारी ठेवली तर ती तीन निरनिराळ्या वस्तूंची वाटतात. आजारी माणसाचे साधे छायाचित्र, क्ष-किरण चित्र आणि सोनोग्राफी यांत जेवढे साम्य असते तेवढेच इथे.

गंधक, लोखंड आणि काडीचा गुल

स्फोट पावलेल्या दुसऱ्या एका ताऱ्याचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. शर्मिष्ठा तारकासमूहातील ‘कॅसिओपिया ए’ हा तो अवशेष. अंतर सुमारे ११,००० प्रकाशवर्षे. त्याच्या स्फोटाचा प्रकाश सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, साधारणपणे शिवकाळाच्या अखेरीस पृथ्वीवर पोहोचला असावा. चंद्राने आपले पहिले जाहीर चित्र याच अवशेषाचे दिले. क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून तेथील मूलद्रव्ये वेगळी काढता येतात. म्हणून पुढच्या चित्रांत सिलिकॉन लाल, गंधक पिवळे, कॅल्शियम हिरवे आणि लोखंड जांभळे दाखवले गेले. मोजदादीनुसार त्या स्फोटाने पृथ्वीच्या सुमारे दहा हजार पट वस्तुमानाचे गंधक आणि सत्तर हजार पट लोखंड अवकाशात उधळले.

विम्कोच्या काडेपेटीच्या कारखान्यामुळे एके काळी ओळखल्या जाणाऱ्या या गावात गंधक कोणाला नवे नाही. काडीच्या गुलातील ते गंधक सूर्यमाला घडण्याच्या आधी कोणत्या तरी ताऱ्याच्या पोटात शिजले होते, हे आता अनुमान राहिलेले नाही. त्या पाकशाळेचे चित्र रंगांच्या खुलाशासह उपलब्ध आहे.

मुंबई-पुण्याचा वाटा

हे सारे परदेशी दुर्बिणींचे कर्तृत्व, असा समज असेल तर तो दुरुस्त करावयास हवा. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्हीने ॲस्ट्रोसॅट ही भारताची पहिली अवकाश वेधशाळा सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर नेऊन ठेवली. तिच्यावरील क्ष-किरण उपकरणांच्या उभारणीत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता. अतिनील दुर्बीण बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने पुण्याची आयुका आणि कॅनडा यांच्या सहकार्याने तयार केली. नारळीकर ज्या संस्थेचे संस्थापक संचालक होते ती हीच आयुका.

ॲस्ट्रोसॅटवरील सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणाने ऑक्टोबर २०१५ मध्ये डोळे उघडले ते खेकडा तेजोमेघाकडे पाहतच. त्यानंतर सुमारे दीड वर्षाच्या निरीक्षणांतून त्यातील न्यूट्रॉन ताऱ्याच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजण्यात आले. हे काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संतोष वडवळे आणि टाटा संस्था, आयुका आदींमधील त्यांचे सहकारी यांचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त आले. दोन स्पंदांच्या मधल्या काळात, जेव्हा तारा जणू विझलेला असतो तेव्हा, ध्रुवीकरणात सर्वाधिक फेरबदल होतात, असे आढळले. प्रचलित सिद्धांतांना हे सहजी पचणारे नव्हते. यातून कॅलेंडरवर छापण्याजोगे चित्र निघाले नाही, म्हणून वृत्तपत्रांतही त्याला फारशी जागा मिळाली नाही. आलेख चित्राइतका देखणा नसतो, दुसरे काय!

दीर्घिकांच्या बाबतीत पुण्याची कामगिरी अधिक ठळक आहे. आयुकाचे कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील चमूने ॲस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीने ऑक्टोबर २०१६ मध्ये आकाशाच्या एका छोट्या भागाचे २८ तासांहून अधिक काळ निरीक्षण केले. हबलने अतिशय खोलवर तपासलेला हा भाग. तेथील एका दीर्घिकेकडून अतिनील किरण येत असल्याचे आढळले. हबलच्या अतिनील चित्रात त्यांचा मागमूस नव्हता. खात्री करून घेण्यात जवळपास दोन वर्षे गेली आणि ऑगस्ट २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ‘एयूडीएफएस०१’ असे रुक्ष नाव मिळालेल्या या दीर्घिकेचा प्रकाश ९३० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता. हबलचा आरसा कितीतरी मोठा असताना ॲस्ट्रोसॅटला हे कसे साधले? ॲस्ट्रोसॅटच्या संवेदकात स्वतःचा असा ‘गोंगाट’ फार कमी आहे. भर बाजारात मोठ्या कानाच्या माणसाला जे ऐकू येत नाही ते शांत खोलीत साध्या कानालाही येते.

याहूनही अलीकडची गोष्ट ‘अलकनंदा’ची. पुण्याच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेबच्या चित्रांतून ही दीर्घिका शोधून काढली. त्यांचा निबंध २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. हेच केंद्र नारायणगावजवळ खोडद येथे तीस महाकाय तबकड्यांची रेडिओ दुर्बीण चालवते, या शोधासाठी मात्र त्यांनी वेबची चित्रे वापरली. अलकनंदा ही दोन सुडौल बाहूंची सर्पिल दीर्घिका विश्व अवघे दीडशे कोटी वर्षांचे असतानाची आहे. विश्वाचे आजचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे. इतक्या कोवळ्या विश्वात अशी नीटस दीर्घिका असेल, अशी अपेक्षा नव्हती. सर्पिल बाहू आकाराला येण्यास दीर्घकाळ लागतो अशी धारणा होती; आता ती तपासून पाहावी लागणार आहे. आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, तिची बहीण म्हणून हे नाव.

यात ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, ज्या चित्रांतून अलकनंदा सापडली ती सर्वांसाठी खुली होती. वेबची आणि हबलची बरीचशी निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर जगाला विनामूल्य मिळतात. ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणेही २०१८ पासून इस्रोच्या विदा केंद्रातून अशीच उपलब्ध होऊ लागली. मूळची कृष्णधवल चित्रे उतरवून घेऊन स्वतः रंग देऊन पाहणारे हौशी लोक जगभर आहेत. ज्याला रंगांविषयी शंका आहे त्याने हा प्रयोग अवश्य करावा. बदलापूर किंवा उल्हासनगरच्या महाविद्यालयातील संगणकावरही तो होण्यासारखा आहे.

चित्र वाचताना

चित्राखालच्या मजकुरात दुर्बिणीचे नाव आणि कोणत्या फिल्टरला कोणता रंग दिला याची यादी असते, ती आधी वाचावी. ‘अवरक्त’, ‘क्ष-किरण’ असे शब्द दिसले की रंग संकेताचे आहेत असे समजावे. चित्रातील ठिपके तारे आहेत की दीर्घिका, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ज्यांना टोकदार किरणे फुटलेली दिसतात ते बहुतेक आपल्याच आकाशगंगेतील, वाटेत आलेले तारे. हबलच्या चित्रात अशी चार टोके असतात, वेबच्या चित्रात सहा मोठी आणि दोन बारीक. ती ताऱ्याची नसून दुर्बिणीच्या रचनेची आहेत. ज्यांना टोके नाहीत आणि जे लांबट किंवा पसरट दिसतात, त्या बहुधा दीर्घिका. चित्र आकाशातील उत्तर वर धरून काढले असेल तर पूर्व डावीकडे येते, याने नवखा वाचक हमखास गोंधळतो. आपण आकाशाकडे खालून पाहतो, म्हणून असे होते.

खेकडा तेजोमेघ नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही आणि शहरी दिव्यांच्या झगमगाटात लहान दुर्बिणीतूनही तो सापडणे कठीण. त्यासाठी बदलापूरच्या पुढच्या वांगणीकडे जावे. मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम अनेक वर्षे तेथे होत आले आहेत. रोहिणीच्या लाल ताऱ्यावरून वृषभाची शिंगे धरावीत. मृगाकडील शिंगाच्या टोकाशी असलेल्या ताऱ्याच्या किंचित वायव्येला हा तेजोमेघ आहे. मेसिए या फ्रेंच निरीक्षकाने धूमकेतू समजून कोणी फसू नये म्हणून केलेल्या यादीत तो पहिला, म्हणून एम-१. दुर्बिणीत तो राखाडी पुसट डाग म्हणून दिसेल, त्यात रंग अजिबात नसतील. डिसेंबरच्या मध्यास मध्यरात्री आणि जानेवारीच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास तो आपल्या अक्षांशावर जवळजवळ डोक्यावर येतो. अंबरनाथच्या देवळाचे शिखर अपुरे आहे आणि पायऱ्या उतरून जावे लागणारा गाभारा वरून आकाशाला उघडा आहे. त्या मोकळ्या चौकटीच्या माथ्यापासून जेमतेम तीन अंश उत्तरेकडून १०५४ चा पाहुणा रोज एकदा पुढे सरकतो.